काकांचा एफटी-१०१ई: सर्किट आणि अलाइनमेंटचे कागद कुठे मिळतील?

फोंडेकर_नवशिका

नमस्कार मंडळी, पोस्ट लांब आहे, सांभाळून घ्या.

आमचे मोठे काका जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. गावात सगळे त्यांना तारवटीच (म्हणजे खलाशी) म्हणायचे पण ते डेकवर नाही, वर रेडिओ रूममध्ये बसून मोर्स बडवायचे. १९९९ ला जीएमडीएसएस (जहाजांची नवी संकटसंदेश व्यवस्था, मोर्सशिवाय चालणारी) पूर्ण लागू झालं आणि ती पोस्टच गेली तेव्हा काका कायमचे घरी आले. दोन वर्षांपूर्वी ते वारले. यंदा चवथीच्या आधी माळा साफ करायला चढलो तर पत्र्याच्या ट्रंकेत जुन्या लुंगीत गुंडाळलेला त्यांचा सेट सापडला, यासूचा एफटी-१०१ई, ऐकायचा नि बोलायचा हॅम रेडिओ, जपानहून आणलेला. मी मागच्याच वर्षी हॅम रेडिओच्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडची परीक्षा पास झालोय त्यामुळे मला काय झालं असेल विचारू नका, आई म्हणाली आधी जळमटं काढ मग नाच.

सेट चालू होतो. डायलचा दिवा लागतो, स्पीकरमध्ये खरखर येते, कॅलिब्रेटर (सेटमधलाच तपासणीचा सिग्नल) लावला की प्रत्येक बँडवर कडक शिट्टी, सिग्नलचा जोर दाखवणारा मीटर एस-९ च्या वर. पण अँटेना लावून काहीच नाही. माझ्याकडे छोटा किटचा रिसीव्हर आहे, त्याला तीच वायर लावली की रात्री ४० मीटरच्या बँडवर बाजार भरल्यासारखा आवाज येतो, आणि काकांच्या सेटवर दोन-तीन माणसं शेजारच्या घरात कुजबुजल्यासारखी.

मी व्हिडिओत बघितलं होतं की जुने सेट अलाइनमेंटच्या (आतल्या कॉइलच्या जुळवणीच्या) बाहेर जातात, म्हणून झाकण काढून २० मीटरच्या दोन कॉइलचे कोअर (आतले फिरवायचे गाभे) फिरवले. ओरडू नका प्लीज. एक साधारण एक फेरा, दुसरा किती ते आठवत नाही, आणि तो आता घट्ट झालाय. आता २० वर कॅलिब्रेटरसुद्धा एस-५ पर्यंतच येतो, बाकीच्या बँडवर आधीसारखाच आहे.

मॅन्युअल शोधलं तर एका साइटवर तीनशे रुपये भरून जे उतरवलं ते एफटी-१०१झेडडीचं निघालं. त्यात फायनलला (ट्रान्समिटच्या शेवटच्या टप्प्याला) ६१४६बी व्हॉल्व दाखवलेत, माझ्या सेटमध्ये ६जेएस६सी आहेत, बोर्डसुद्धा जुळत नाहीत. ट्रंकेत काकांच्या अक्षरातला एक कागद आहे पण त्यावर नुसते आकडे, मला काही लागत नाही. तर बरोबर सर्किट आणि अलाइनमेंटची कृती कुठे मिळेल, फुकट असेल तर उत्तमच, आणि गोव्यात कोणी हा सेट उघडलेला असेल तर कृपया सांगा.

जुना_व्हॉल्व_मडगाव

आधी तो स्क्रू ड्रायव्हर खाली ठेव. ठेवलास? आता वाच.

तुझ्या पोस्टमध्येच उत्तर आहे रे बाळा. कॅलिब्रेटर एस-९ च्या वर येत होता ना, सगळ्या बँडवर? कॅलिब्रेटरचा सिग्नल रिसीव्हरच्या तोंडाशी आत घुसतो, तिथून पुढे आरएफ, मिक्सर, आयएफ, डिटेक्टर, ऑडिओ सगळी साखळी पार करून मीटरपर्यंत पोचतो. तो कडक येत होता याचा अर्थ ती सगळी साखळी ठीक होती आणि अलाइनमेंटसुद्धा ठीक होती! बिघाड अँटेनाचं सॉकेट आणि तो कॅलिब्रेटर घुसतो ती जागा यांच्या मधल्या चार इंचांत आहे. तिथे काय आहे तर अँटेनाची वायर, कोअॅक्स वायरचा सोल्डरचा डाग, आणि रिले (ऐकणं-बोलणं बदलणारा विजेवरचा स्विच). रिसीव्हचा सिग्नल रिलेच्या कॉन्टॅक्टमधून जातो. आपल्या गोव्याच्या हवेत लुंगीत गुंडाळून ठेवलेल्या रिलेच्या कॉन्टॅक्टवर काय साचतं ते तुला सांगायला नको, कपाटातल्या चपला बघ.

थोडक्यात तू ज्याला औषध दिलंस तो आजारी नव्हता, आता मात्र झालाय. त्यामुळे अलाइनमेंटचे कागद तुला आता खरोखरच लागणार 😀

मॉडेलचं नाव पूर्ण वाचायची सवय लाव. एफटी-१०१, १०१बी, १०१ई, १०१एफ ही एका घरातली भावंडं, आणि झेड नि झेडडी हे फक्त आडनाव सारखं असलेले लोक. ई मध्ये व्हीएफओ (डायलने फिरणारा ऑसिलेटर) ८.७ ते ९.२ मेगाहर्ट्झ चालतो, पहिला आयएफ (मधली फ्रिक्वेन्सी) ५.५२ ते ६.०२ आणि दुसरा ३१८० किलोहर्ट्झ. झेडडीमध्ये एकदाच कन्व्हर्जन, आयएफ ८.९८७५ मेगाहर्ट्झ. हाती आलेल्या मॅन्युअलच्या ब्लॉक डायग्राममध्ये ३१८० दिसला नाही तर ते बंद कर, पुढे वाचून डोकं पिकवू नको. भावंडांतसुद्धा बोर्ड बदलत गेले, प्रत्येक बोर्डवर पीबी लिहून पुढे नंबर छापलेला असतो, ते सगळे नंबर एका कागदावर उतरवून काढ आणि सर्किटवरच्या नंबरांशी जुळवून बघ. सर्किट शोधायचं ते मॉडेलच्या नावावर नाही, बोर्डच्या नंबरावर.

सोल्डरताई_डिचोली

मडगावकरांनी बरोबर पकडलं. मी शोधायचं कुठे ते सांगते कारण यात मी दोन पावसाळे घालवलेत.

बामा नावाचं एक जुनं आर्काइव्ह आहे, बोट अँकर मॅन्युअल आर्काइव्ह. बोट अँकर म्हणजे होडीचा नांगर, जुने जड सेट नांगर म्हणूनच वापरायच्या लायकीचे असं त्या लोकांनी गमतीने ठेवलेलं नाव, तुझ्या घरी तर तारवट्याचाच नांगर आहे. तिथे कंपनीवार फोल्डर आहेत, सगळं फुकट, पैसे मागणाऱ्या साइटवर तोच स्कॅन फिरत असतो. फाइल बऱ्याचदा डीजेव्हीयू प्रकारची असते, साध्या पीडीएफच्या अॅपमध्ये उघडत नाही म्हणून लोक करप्ट समजून डिलीट करतात (मीही केलंय). तिचा वेगळा व्ह्यूअर फुकट मिळतो, तो टाक.

दुसरं, एकाच मॅन्युअलचे दोन-तीन ठिकाणचे स्कॅन उतरव. एका स्कॅनमध्ये कंडेन्सरची किंमत १० आहे की १०० ते शाईच्या डागात गेलेलं असतं, दुसऱ्यात दिसतं. मोठं सर्किट ए-४ वर काढू नको, डोळे जातील, झेरॉक्सवाल्याकडून ए-३ काढून घे आणि दोन पानं चिकटव. स्केच पेनने सिग्नलचा रस्ता रंगव, रिसीव्हचा हिरवा नि ट्रान्समिटचा लाल, मला तरी त्याशिवाय काही कळत नाही.

तिसरं, फॉक्स टँगो. यासू वापरणाऱ्यांचा हा क्लब होता, ७० आणि ८० च्या दशकात ते न्यूजलेटर काढायचे, त्यांचे स्कॅन नेटवर फिरतात. मॅन्युअलमध्ये आदर्श सेट असतो, न्यूजलेटरमध्ये आजारी सेट असतो, त्यामुळे तेच जास्त कामाला येतं. जुनी रेडिओ मासिकं वर्ल्ड रेडिओ हिस्ट्रीवर बघ. घरात मर्फी-बुश असे गाणी ऐकायचे सेट असतील त्यांच्यासाठी रेडिओम्युझियम.

आणि कुठल्या कागदात काय असतं तेही बघून घे. केनवूडसारख्यांची सर्व्हिस मॅन्युअल वेगळी असते, नुसती वापरणाऱ्याची उतरवलीस तर नॉबची माहिती मिळेल, कोअरची नाही. हीथकिटचं उलट, सेटच माणसाने घरी जोडायचा असल्यामुळे अलाइनमेंट जोडणीच्या पुस्तकातच शेवटी. एफटी-१०१ई चं वापरायचं पुस्तकच बऱ्यापैकी जाड आहे, मागच्या भागात मेंटेनन्स आणि अलाइनमेंट दोन्ही आहे.

आता एक भीतीची गोष्ट. या सेटच्या पुढे हीटरचा स्विच आहे. रिसीव्हर सगळा ट्रान्झिस्टरवर, फायनल आणि ड्रायव्हरला व्हॉल्व, म्हणून नुसतं ऐकायचं असेल तर हीटर बंद ठेवतात. पण हीटर बंद म्हणजे हाय व्होल्टेज बंद नव्हे!! सेट चालू असताना प्लेटच्या लाइनवर ६०० व्होल्टच्या आसपास असतातच, आणि प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये राहतात. प्लग काढ, थांब, रेझिस्टरने डिस्चार्ज कर, मीटरने बघ, मग हात घाल. आणि सेट जपानहून आणलाय तर ट्रान्सफॉर्मरचा टॅप कितीवर आहे ते बघितलंस का? तिथे घरात १०० व्होल्ट असतात. या ट्रान्सफॉर्मरला १०० पासून २३४ पर्यंत टॅप आहेत. काकांनी गोव्यात चालवला असेल तर २३४ वरच असेल, तरी डोळ्याने बघ.

वास्को_भंगारप्रेमी

मध्येच घुसतोय, माफी. माझ्याकडे बीसी-३४८ रिसीव्हर आहे, भंगारात घेतला, देणारा म्हणाला पोर्तुगीजांच्या बांबोळीच्या वायरलेस स्टेशनातला आहे, ६१ सालचा. त्याचं सर्किट उतरवलं पण व्हॉल्वचे नंबर जुळत नाहीत, सर्किटमध्ये व्हॉल्वच्या डोक्यावर टोपीची वायर आहे, माझ्या व्हॉल्वना डोक्यावर काहीच नाही. कोणी बदलून टाकलाय का?

जुना_व्हॉल्व_मडगाव

@वास्को_भंगारप्रेमी, बांबोळीचं वायरलेस स्टेशन १८ डिसेंबर १९६१ ला हवाई दलाच्या हंटर विमानांनी उडवलं. त्यातून तुझा सेट ओरखडा न पडता बाहेर आला म्हणजे त्याला गंगेत न्हाऊ घालायला हवा. भंगारवाला सेट विकतो ५०० चा आणि कथा विकतो २००० ची. बीसी-३४८ हा अमेरिकन विमानातला रिसीव्हर, युद्धानंतर हजारोंनी सरप्लसमध्ये निघाला, तसाच फिरत फिरत आला असेल.

बदललेला वगैरे काही नाही. प्लेटवर बीसी-३४८ नंतरचं अक्षर वाच. जे, एन किंवा क्यू असेल तर ती वेगळी जात आहे, त्यात डोक्यावर टोपी नसलेलेच व्हॉल्व असतात आणि सर्किटही वेगळं. तू उतरवलंस ते दुसऱ्या अक्षरांचं. आयएफ दोन्हीत ९१५ किलोहर्ट्झ, सवयीने नेहमीचा ४५५ लावून बसू नको. मिलिटरीच्या सेटचं मॅन्युअल सेटच्या नावावर शोधायचं नाही, अमेरिकन असेल तर टीएम-११ ने सुरू होणारा नंबर शोध, ब्रिटिश सेट असेल तर ईएमईआर म्हणून शोध. त्या लोकांनी कागद फार छान केलेत, घाईत भरती केलेल्या वीस वर्षांच्या पोराला कळावं म्हणून लिहिलेले, एकेक व्होल्टेज, एकेक रेझिस्टन्स पिनवार दिलेला. आणि हो, तो २८ व्होल्टवर डायनामोटरने (व्होल्टेज वाढवून देणाऱ्या मोटर-जनरेटरने) चालायचा, कोणीतरी मेन्सवर केलेला असेल तर ती पॉवर सप्लाय कुठल्याच मॅन्युअलमध्ये सापडणार नाही, ती स्वतः काढून बघ.

वास्को_भंगारप्रेमी

क्यू आहे 🙈 आणि कथेचे २००० नाही, १५०० दिले.

फोंडेकर_नवशिका

दोन दिवस लाइट जात-येत होती म्हणून उशीर. आधी टॅप बघितला, २३४ वरच. मग रिले. प्लास्टिकचं कव्हर काढल्यावर कॉन्टॅक्ट काळे ठिक्कर. पॉलिश पेपर घेणार होतो पण म्हटलं आधी विचारावं, आधीच एकदा हात पोळलाय.

सोल्डरताई_डिचोली

बरं केलंस विचारलंस! पॉलिश पेपर अजिबात नको, वरचा मुलामा निघून जातो आणि सहा महिन्यांनी पुन्हा तेच. जाड कागदाची पट्टी काप, लग्नपत्रिकेचा कागद उत्तम, आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) भिजव, कॉन्टॅक्टच्या मध्ये धरून हलकं दाबून ओढ. काळं कागदावर येईल. कोरड्या पट्टीने दोनदा. बस.

फोंडेकर_नवशिका

ताई!!!!

लग्नपत्रिका मावसबहिणीची होती, लग्न अजून व्हायचंय, आईला सांगू नका. चार वेळा पट्टी ओढली, रिले बसवला, अँटेना लावली आणि ४० मीटरवर काय सांगू, आवाज कमी करायला नॉब सापडेना, मी अर्धा तास नुसता डायल फिरवत बसलो. ८० पण ठीक. २० मात्र अजून दबलेला, ती माझीच करणी.

मॅन्युअल बामावर मिळालं, ई चंच, ३१८० दिसला, बोर्डचे पीबी नंबर एक सोडून सगळे जुळले. पण त्यात सिग्नल जनरेटर आणि काय काय मीटर मागितलेत. माझ्याकडे एक मल्टीमीटर आणि तो किटचा रिसीव्हर. जनरेटर विकत घेऊ का? आणि घट्ट झालेला कोअर?

काकांच्या कागदाचा फोटो टाकतोय. बहुतेक बँडपुढे तीन-तीन आकडे आहेत.

जुना_व्हॉल्व_मडगाव

फोटो बघितला. अरे हे तर सोनं आहे. तीन आकडे म्हणजे प्रिसिलेक्टर, प्लेट आणि लोडिंग या तीन नॉबच्या जागा. बँड बदलला की ट्यून करायला वेळ जाऊ नये म्हणून आम्ही सगळेच असा तक्ता करून ठेवायचो, माझा सेटच्या झाकणाला आतून चिकटवलेला होता. आणि काकांनी शेजारी बारीक अक्षरात कॅलिब्रेटरचा एस मीटरसुद्धा लिहिलाय, १४ (मेगाहर्ट्झ, म्हणजे तुझा २० मीटर) समोर ९+१० दिसतंय ना? म्हणजे तुझ्याच सेटचं, तब्येत चांगली असतानाचं रीडिंग तुझ्या हातात आहे. कंपनीचं मॅन्युअल सगळ्या सेटचं असतं, हा कागद फक्त या एका सेटचा.

आता जनरेटर नको. तुझा जनरेटर सेटमध्येच आहे, कॅलिब्रेटर, १०० आणि २५ किलोहर्ट्झचा. २० मीटरवर जा, प्रिसिलेक्टर काकांच्या आकड्यावर ठेव आणि तो नॉब आता हलवायचा नाही. मग कोअर फिरवून मीटर वाढव. आपल्याला नुसता मोठा आवाज नकोय, त्या आकड्यावर शिखर हवंय. तुझे कोअर चुकीच्या जागी असतानाही प्रिसिलेक्टर कुठेतरी फिरवून तू ऐकू शकशील, पण मग ट्रान्समिटच्या वेळी गडबड, कारण ड्रायव्हरच्या कॉइल त्याच नॉबवर चालतात. रिसीव्हचं शिखर एकीकडे आणि ट्रान्समिटचं दुसरीकडे गेलं की झालं. मॅन्युअलमध्ये बँडचा जो क्रम दिलाय तोही मोडू नको, मनाने पुढे-मागे करायचं नाही.

कॅलिब्रेटर स्वतः बरोबर आहे का ते रात्री बघ. बँड स्विचवर जेजेवाय आणि डब्ल्यूडब्ल्यूव्ही (अचूक वेळ देणारी जपानी नि अमेरिकन केंद्रं) लिहिलेली १० मेगाहर्ट्झची जागा आहे. जेजेवायचं शॉर्टवेव्ह २००१ लाच बंद झालं, पण त्याच १० मेगाहर्ट्झवर चीनचं बीपीएम आपल्याकडे येतं, टिकटिक ऐकू येईल. कॅलिब्रेटर त्याच्याशी जुळवून दोघांमधली शिट्टी शून्यावर आण.

सोल्डरताई_डिचोली

दोन गोष्टी जोडते. कोअर फिरवायला लोखंडी स्क्रू ड्रायव्हर नको, लोखंड जवळ आलं की कॉइलची किंमतच बदलते, तू शिखर लावतोस आणि हात काढलास की ते सरकतं. प्लास्टिकचं टूल मिळालं नाही तर विणायची प्लास्टिकची सुई घे आणि टोक कानशीने चपटं कर, मी तेच वापरते. घट्ट कोअरला जोर लावू नको, तुटला तर आतल्या आत अडकतो आणि मग कॉइल काढावी लागते. हेअर ड्रायरने लांबून कोमट कर, मेण असेल तर सैल होईल, मग आधी थोडं उलट दिशेने. फिरवायच्या आधी पेन्सिलने खूण कर आणि फेरे लिहून ठेव, यावेळी तरी.

सेट पुन्हा ट्रंकेत नको. कपाटात ठेव आणि आम्ही कपड्यांसाठी ठेवतो तसा झिरोचा बल्ब लावून ठेव पावसाळाभर.

फोंडेकर_नवशिका

झालं! घट्ट कोअर ड्रायरने सुटला, साधारण पाऊण फेरा मागे यावा लागला, दुसरा बरोबर एक. काकांच्या आकड्यावर प्रिसिलेक्टर ठेवून १४ वर कॅलिब्रेटर ९+१० वर आला, अगदी सुईसकट. बीपीएमची टिकटिक पण ऐकली, काल रात्री पावणेबाराला, आई उठून आली की घड्याळ का वाजतंय.

ट्रान्समिट अजून केलेलं नाही. फायनलचा बायस, न्यूट्रलायझेशन वाचतोय, आणि माझं लायसन ५० वॉटचं, हा सेट इनपुटला २६० वॉट लिहितो, तेव्हा ते सगळं शिकूनच. सेट लायसनवर चढवायचं पण बघतोय.

एकच शंका राहिली. काकांच्या कागदावर ८० आणि ४० समोर प्लेट आणि लोडिंगचे दोन-दोन आकडे आहेत, एकापुढे पा आणि एकापुढे उ. मॅन्युअलमध्ये असं काही नाही. पॉवर आणि... उ म्हणजे काय?

जुना_व्हॉल्व_मडगाव

उच्च? पण मग पा काय? पाव पॉवर? छे.

सोल्डरताई_डिचोली

काकांची अँटेना कशाला बांधलेली होती?

फोंडेकर_नवशिका

मागच्या पोरसातल्या दोन माडांना. का?

सोल्डरताई_डिचोली

पावसाळा आणि उन्हाळा. माड आणि झावळं भिजली की वायरचं लोडिंग बदलतं.

फोंडेकर_नवशिका

त्यातला एक माड गेल्या वर्षी कापला. म्हणजे हे आठही आकडे आता नव्याने काढावे लागणार. वायर कुठे बांधू ते उद्या दुसऱ्या धाग्यात विचारतो, कागद स्कॅन करून तिथेच टाकतो.